सभ्य फळा

"संगणकयुगात माणूस ओळखला जाईल तो त्याच्या सभ्य भाषेवरून!" १९८९ साली मुलुंडच्या जयवंत परबने ही घोषणा केली तेव्हा ऐकायला घरात एकटी बायकोच होती, आणि तीही म्हणाली, "ते राहू दे, आधी फोन मोकळा करा."

त्या फोनला कॉम्प्युटर जोडून जयवंतने पडद्यावर निरोप लिहायचा एक फळा चालवला होता. उपनगरांतले तीसेक प्रोग्रॅमर आपल्या कॉम्प्युटरवरून तिथे फोन लावून त्यावर आपल्या अडचणी लिहायचे. घाटकोपरचा काशीराम आधी विचारणाऱ्याचे आईबाप अस्सल मालवणीत काढायचा आणि मग चूक नेमकी कुठे आहे ते सांगायचा. जयवंतने सभ्यतेसाठी त्याला फळ्यावरून कायमचं काढून टाकलं.

महिन्याभरात खुद्द जयवंतचाच प्रोग्रॅम अडला. सोमवारी तो साहेबांसमोर चालला नाही, तर नोकरी जाणार होती. त्याने फळ्यावर मदत मागितली, तर बावीस जणांनी तत्परतेने उत्तरं दिली. "प्रश्न फारच मार्मिक आहे." "आम्हीही उत्तराच्या प्रतीक्षेत आहोत." "हार्दिक शुभेच्छा."

रविवारी संध्याकाळी त्याने निमूटपणे काशीरामला फोन लावला आणि अख्खा प्रोग्रॅम वाचून दाखवला. काशीरामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जयवंतराव, आपला प्रयत्न स्तुत्य आहे. आपल्याला यश लाभो."





"काशा, पाया पडतो तुझ्या, एक तरी शिवी घाल ना रे!"