आरपार

"भिंतीला हात लावायचा नाही," घरमालक बाथरूमच्या दारातूनच म्हणाले. "परवाच बाहेरून रंग दिलाय. नव्या पंख्याचा पाइप छतात सोड आणि मोकळी हो."

त्यांची नेहमीची फिटर पोरगी शिडीवर उभी होती. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगचा एक तक्ता तिनं नुकताच उतरवला होता. आतून ओल्या पोत्यासारखा वास आला. लाकडी पट्ट्या कुजून काळ्या पडल्या होत्या. बंद पडलेल्या जुन्या पंख्याचा पाइप त्यांच्यातच तोंड उघडं टाकून पडला होता. अंघोळीची सगळी वाफ बाहेर न जाता इतके दिवस तिथंच मुरत होती.

इथल्या भाडेकरू, शिवणवाल्या मावशी, खाली बादली धरून उभ्या होत्या. या जागेत येऊन त्यांना वर्ष झालं होतं. पंखा घरघरायचा, तरी भिंतींवर बुरशी चढायची. पुसून पुसून त्यांचे हात सोलवटले होते. नवरा सहा महिने उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत होता. खोकला त्याला आडवं होऊ देत नव्हता.

"कुणा मेल्यानं हा पाइप असा सोडला?" त्या कडाडल्या. "हातांना जरा तरी लाज वाटायला हवी होती."

 पोरीनं बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतून पेन्सिलीनं गोल आखला आणि ड्रिल मशीन उचललं. "पाइप इथून बाहेर जाईल. बाहेरच्या बाजूला जरा उतरता ठेवते, म्हणजे पाणी आत येणार नाही. तोंडाला झडप लावते."

"बहिरी आहेस का?" घरमालक म्हणाले. "भोक पाडलंस तर माझ्या एकाही घराचं काम तुला मिळणार नाही. आणि बाई, तुम्हीही दुसरी जागा बघा."

 आजारी माणसाला घेऊन कुठं जायचं? राहू दे गं, असं मावशी म्हणणारच होत्या.

पोरगी मशीन घेऊन शिडीवरून खाली उतरली आणि घरमालकांसमोर उभी राहिली.

"जुना पंखा बसवतानाही तुम्ही हेच म्हणाला होतात, साहेब. तेव्हा मी ऐकलं." मग ती मावशींकडे वळली. "तो पाइप मीच सोडला होता."

 आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत राहिला. मावशींच्या तोंडापर्यंत शिव्या आल्या. पोरीनं नजर चुकवली नाही.

मावशींनी बादली खाली ठेवली. घरमालकांकडे पाठ करून शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढ," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी आरपार पाड."