बिनवासाची सकाळ

यशोदाने पेजेचा टोप गॅसवरून उतरवला आणि तिच्या ध्यानात आलं, आज वाडीला वास नाही.

ही वाडी नाकाने ओळखायची. फणस, बकुळ, उंडल इतके दाटलेले, की गडग्यापलीकडचं घर दिसत नसे. पण कोणाकडे बांगडे तळतायत, कोणाची डाळ करपली, सगळं घरबसल्या कळे. कालच तिने शेजारणीला हाक मारली होती, "तुळशे, लसूण जळली गो. भाईंवरचो राग तिच्यावर कित्याक काढतंस?"

"तुझा नाक तुझ्या घरात ठेव," झाडांआडून उत्तर आलं होतं.

आज तुळसाकडे फोडणी नव्हती. समोरच्या वजीराकडे कांदा परतल्याचा वास नव्हता. वाडीत कोणी गेलं, की मयत उचलेपर्यंत कोणाकडे चूल पेटत नसे. वजीराचं घर मुसलमानाचं, पण तेही ही रीत पाळी.

म्हणजे भाई गेले.

तुळसाचा नवरा पावसाळ्यापासून अंथरुणावरच होता. सुशांत तान्हा असताना यशोदा विधवा झाली, तेव्हा याच भाईंनी पुढे त्या पोराला मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. उचलण्याआधी निदान तोंड तरी दिसावं, म्हणून ती घाईने उठली.

सुशांतची पेज तिने झाकून ठेवली. गोव्यातली रात्रपाळी संपवून तो येईलच. आला की खांदा द्यायला धाडायचं. उरलेली पेज तिने तुळसाच्या नातीसाठी डब्यात भरली. लहान पोराला सुतक कळत नाही, भूक कळते.

वजीरा अंगणातली बकुळीची फुलं झाडत होती. यशोदाला बघून तिचा हात थांबला.

"कधी झाला गो?"

"पहाटेक," वजीरा झाडूकडे बघत म्हणाली.

"मगे माका कोणी उठवल्यान कसा नाय?"

"तुका कोण सांगतलो?"

खरंच होतं. भाईंवर तिचा किती जीव, हे वाडीला ठाऊक होतं. डोळे पुसत ती पुढे गेली.

तुळसाच्या अंगणात माणूस नव्हतं. पडवीत उशीला टेकून भाई बसले होते. जिवंत. खोकत होते.

यशोदा खांबाला धरून हसली. "देवान राखल्यान. माका काय काय वाटला बघ. मगे वाडीत कोण गेला?"

भाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुळसा आतून आली. यशोदाच्या हातातला डबा घेऊन तिने झाकण काढलं, तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि डबा तिच्याच पुढ्यात ठेवला.

"दोन घोट घे, यशोदे. माणसां सुशांताक घेवन येतली, मगे तुझ्या घशाखाली काय उतराचा नाय."