बकेटीखालचा चहा

दुसऱ्या जॅकचं तोंड काही केल्या उघडत नव्हतं. हर्षानं चेनपाना पुन्हा अडकवला, त्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पाना सटकला. बोटाची साल निघाली. तिनं बोट ओढणीला पुसलं आणि पाना परत अडकवला.

दुकानापुढच्या आवारात बापूरावांचा ट्रॅक्टर उभा होता. मूल गावच्या त्यांच्या राइस मिलमध्ये तो पुढच्या बकेटीनं कोंडा उचलायचा. तेलाच्या दाबानं बकेट वर नेणारे दोन्ही जॅक आता काढून ठेवले होते. दोघांचेही दांडे वाकलेले. वाकले ते गेल्या हंगामात, इथंच, बकेट वरून कोसळली तेव्हा. खाली हर्षाचे बाबा होते. ते वाचले नाहीत.

बाबांची, म्हणजे वामनमिस्त्रींची, एक रीत होती. जॅक दुरुस्त झाला की ते बकेट पूर्ण वर न्यायला लावत आणि दोन चहा मागवत. एक पेला सीटवरच्या ड्रायव्हरला देत नि म्हणत, "दोन्ही हातांनी धर." बकेट खाली-वर करणाऱ्या लिव्हरवर कोणाचा हात नाही हे जमलेल्यांना दिसलं पाहिजे. दुसरा पेला घेऊन ते स्वतः बकेटीखाली स्टुलावर बसत आणि सावकाश पीत. हीच त्यांची गॅरंटी. भद्रावतीहून लोक जॅक घेऊन यायचे ते या चहाच्या भरवशावर.

त्या दिवशी सीटवर दसरू होता, मिलचा ड्रायव्हर. "पेला एका हातात घेतला, दुसरा हात लिव्हरले लागला," असं त्यानंच चार लोकांपुढं सांगितलं. माफीसुद्धा मागितली नाही. बापूरावांनी त्याला काढून टाकलं.

हर्षानं बापूरावांना एकच अट घातली होती. जॅक ती बनवून देईल, पण दसरू या मशीनवर पुन्हा चढता कामा नये. बाबांचं दुकान चालू ठेवायचं आणि त्या माणसाला माफ करायचं नाही, एवढ्या दोन गोष्टींवर ती उभी होती.

आणि तो माणूस रोज समोरच्या टपरीवर येऊन बसायचा. आज तर रस्ता ओलांडून दारापर्यंत आला.

"बाई, तोंड जरा तापवून पाहा."

"तुमाले कोणी इचारलं?"

तो टपरीवर परत गेला. तिनं पाना आणखी दोनदा सटकू दिला. मग गॅसची नळी पेटवून तोंड तापवलं. ते फिरलं.

काळं तेल परातीत सांडलं. तिनं दांडा ओढून काढला आणि थांबली. पहिल्या जॅकमध्ये तेल अडवणारं नवं सील होतं, अगदी धड. इथं पिस्टनवर त्या जागी जाड काळं रबर होतं, तेलानं फुगलेलं, मधोमध फाटलेलं. फाटल्या कडेतून कापडाचे धागे लोंबत होते. घुग्घुसच्या खाणीत कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं रबर. बाबा भंगारातून ते आणायचे, पाण्याच्या पंपांना त्याच्या चकत्या कापायचे. पंपांना चालायचं. तिला आठवलं, नागपूरहून तेव्हा एकाच जॅकपुरतं सीलचं किट आलं होतं. मिलपुढं कोंड्याचा डोंगर झाला होता. "करतो काईतरी," बाबा म्हणाले होते.

पडल्यावर फाटलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. बॅटरी घेऊन जॅकच्या नळीत पाहिलं. रबराचे तुकडे अगदी वरच्या टोकाला चिकटले होते. बकेट पूर्ण उचललेली असताना पिस्टन जिथं थांबतो, तिथंच. सील वरच फाटलं होतं. लिव्हरला कोणी शिवलं नसतं, तरी बकेट खाली आलीच असती.

हर्षा बाबांच्या स्टुलावर बसली. मग ते रबर मुठीत घेऊन रस्त्यापलीकडं गेली.

"दसरूभाऊ, लिव्हरले कोणता हात लागला होता?"

दसरूनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं.

"आता काऊन खोदून राह्यली, बाई?" तो हळू म्हणाला. "मिस्त्री तिथी खाली, अन् लोक लगेच म्हनाले, मिस्त्रीच्याच कामात खोट. मले ट्रॅक्टर त्यायनंच शिकवला. आयकवलं नाई."

"अन् तुमचं काम गेलं ते?"

"माह्यं का? मजुरी कुठीबी भेटते." तिच्या मुठीतून लोंबणारे धागे त्याला दिसले होते. "ते फेकून दे. कोनाले मालूम नाई."

सरळ केलेले दांडे चंद्रपूरहून आले. दोन्ही जॅकना नवी किटं बसली. बापूराव चार लोक घेऊन आले, तेव्हा दसरू सीटवर होता.

"हा काऊन चढला?" बापूरावांनी विचारलं. "तुहीच अट होती ना, पोरी?"

हर्षानं फाटकं रबर सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "बकेट ह्यानं पडली. पट्ट्याचं रबर आहे. बाबांनी बसवलं होतं."

मग मागून एक जण म्हणाला, "मंग तं दुकानाची गॅरंटीच गेली."

"गेली," हर्षा म्हणाली.

तिनं खूण केली. बकेट वर गेली. आत शिरून तिनं बकेटीच्या लोखंडी हातांखाली सागाचा जाड ओंडका उभा केला, तो हलवून पाहिला आणि बाहेर आली. स्टूल दुकानातच होतं. टपरीवरून तिनं एकच चहा आणला आणि पेला वर सीटकडं धरला.

"दोन्ही हातांनी धरा, दसरूभाऊ. त्या दिवशी धरला होता तसा."