दादीला सांगायचा निबंध

“सावकाश सांग गो. माझं इंग्रजी गावातच राहिलंय,” मरियमबी म्हणाल्या आणि पलंगावर पाय वर घेऊन बसल्या.

त्यांच्या सुनेने, हुमेराने, लेकीचा फोन हातात घेतला. मुनिबाने इंग्लंडच्या लॉ कॉलेजसाठी निबंध लिहिला होता. आयुष्यातला एखादा अवघड प्रसंग, आणि त्यातून कायदाच का शिकावासा वाटला, एवढं त्यात सांगायचं होतं. तो आजच पाठवायचा होता. पण अमिरातीतल्या फुजैऱ्याच्या या घरात कुठलीही मोठी गोष्ट मरियमबींच्या कानावर घातल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यांच्या मुलाने, हारुनने, नोकरी बदलली तेव्हा नाही, गाडी घेतली तेव्हाही नाही. निबंधाला तरी सूट कशी मिळणार?

हुमेराने तो आधी वाचला नव्हता. वाचायची गरजच काय? अवघड प्रसंग या घरात एकच झाला होता, तिचा कॅन्सर. केमोसाठी दुबईला जाताना मुनिबा गाडीत तिचा हात धरून बसायची. ‘माझ्यावर लिहिलंय पोरीने,’ असं तिने दोन मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. टिश्यूचा डबासुद्धा जवळ ओढून ठेवला होता, आता बोला.

“मम्मी, यू रीड इट फर्स्ट. अलोन. प्लीज,” मुनिबा म्हणाली.

“आणि दादीला कोण सांगणार? तुझं मराठी? गप बस.”

हुमेरा एकेक वाक्य मनात वाचायची आणि मराठीत सांगायची.

“मी तेरा वर्षांची होते. नबिला कडप्याहून इकडे घरकामाला आली होती. तिने मला वेणी घालायला शिकवलं.”

“ही कोण?” मरियमबींनी विचारलं. त्या वर्षी त्या गावी होत्या.

“होती एक. माझं पुढे येईल, अम्मी.” हुमेराने पुढे वाचलं. “रमजानमध्ये नबिलाला गावाहून फोन आला. तिची आई फार आजारी होती. घरी जायला तिने आपला पासपोर्ट मागितला. तो...”

हुमेरा थांबली. पुढचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. पासपोर्ट माझ्या आईच्या कपाटात होता, असं तिथे सरळ लिहिलं होतं.

“तो कुठे होता?”

“ज्या घरी ती कामाला होती ना, तिथल्या बाईच्या कपाटात.”

मुनिबाने झटकन वर पाहिलं. तिला मराठी बोलता येत नसलं, तरी कळत सगळं होतं.

हरवू नये म्हणून कामवालीचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवायचा, असं हुमेराच्या ओळखीत बरेचजण करत. कायद्यात हे बसत नाही, हेही त्यांना ठाऊक असे. हुमेराला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र फोन हातात धरवेना. पण मरियमबी वाट बघत होत्या, आणि मध्येच थांबायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

“ती बाई म्हणाली, ईद होऊ दे. घरी पाहुणे येणार आहेत. ईद झाली की इन्शाल्ला तिकीट काढू.”

“मग?”

“चांदरातीला नबिलाची आई गेली.”

“इन्ना लिल्लाहि,” मरियमबी पुटपुटल्या.

“दुसऱ्या दिवशी, ईदला, नबिलाने सगळ्यांना शीरखुर्मा वाढला. पाहुण्यांनी तारीफ केली.”

ती ईद हुमेराला चांगली आठवत होती. नबिलाला तिने नवा सूट दिला होता. इतकी वर्षं तिला एवढंच आठवत आलं होतं.

पुढच्या दोन ओळी तिने मनातच ठेवल्या. ‘कपाटाची किल्ली कुठे असते, मला माहीत होतं. मीही पासपोर्ट काढून दिला नाही.’ शेवटची ओळ तेवढी तिने जेमतेम उच्चारली. “म्हणून मला कायदा शिकायचाय.”

निबंध संपला होता. त्यात कॅन्सरचं नावही नव्हतं.

“कसली गो ही बाई?” मरियमबी भडकल्या. “आईचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही. कशासाठी, तर पाहुण्यांना वाढायला कोणी हवं म्हणून? हिला पोटची पोर नव्हती का?”

“मम्मी,” मुनिबा हळूच म्हणाली, “दॅट्स नॉट व्हॉट आय रोट.”

समोर बसलेल्या या म्हाताऱ्या बाईने हुमेराच्या आजारपणात गाव सोडलं होतं, तिला हाताने भरवलं होतं. तिच्याशी खोटं बोलणं हुमेराला आणखी रेटवेना.

“अम्मी, ती बाई मी.”

मरियमबी तिच्याकडे बघतच राहिल्या. राग कुठल्या कुठे गेला होता. ओळखीच्या माणसाचा चेहरा एकाएकी ओळखू येऊ नये, तशा त्या बघत होत्या.

“सगळेच ठेवतात पासपोर्ट,” हुमेरा म्हणाली.

मुनिबा रडकुंडीला आली होती. “शुड आय डिलीट इट?” तिने विचारलं.

मरियमबींनी ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि दोन्ही हात पसरले.

“तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी त्या गेलेल्या बाईसाठी दुवा मागते. नाव काय तिचं?”

“नबिला,” हुमेरा म्हणाली.

“नबिलाचं नाही. तिच्या आईचं.”

हुमेराने मुनिबाकडे पाहिलं. मुनिबाने फोन ओढून घेतला आणि स्वतःच लिहिलेल्या निबंधात ते नाव वरपासून खालपर्यंत शोधू लागली.