पन्नास शेअर

आनंदराव अंगणात बसून पुठ्ठ्यावर लाल रंगाने ‘मजुरी वाढवा’ लिहीत होते. बावीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, उद्या पहिल्यांदाच कारखान्याच्या फाटकावर संपाला बसणार होता. तेवढ्यात त्यांचा मुलगा धम्मदीप भंडाऱ्याहून नोकरीवरून आला.

“बाबा, तुमच्या कारखान्याचे पन्नास शेअर घेतले. आता लाँग राहाचं.”

“लाँग म्हंजे काय रे?” नवं काही कानावर पडलं की आनंदरावांना मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे.

“घेऊन ठेवाचे अन् भाव वाढाची वाट पाहाची. दहा-पंधरा वर्षं.”

“भाव कायनं वाढते?”

“कारखान्याचा नफा वाढला का.”

“अन् नफा?”

“खर्च कमी झाला का. वीज, कोळसा, मजुरी…” धम्मदीपची नजर पुठ्ठ्यावर गेली.

आनंदराव हसले. “असू दे. तू तुह्या शेअरचं पाह्य, मी माह्या मजुरीचं पाहतो.”

“माहे नाही, बाबा. तुमच्याच नावावर घेतले. म्हातारपणी कामी येतीन.”

आनंदरावांनी कुंचला खाली ठेवला. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “मंग उद्या मी फाटकाच्या कोणत्या बाजूनं बसू?”