पलीकडची जागा

थेन सोरेन्सनने रूलनच्या कबरीभोवतीचं गवत कातरलं, टोपी काढली आणि दगडाला दरवर्षीची खबर दिली.

"रूलन, तुझी बायको ठणठणीत आहे. माझं अजूनही ऐकत नाही."

"ऐकण्यासारखं तू बोलतोस कधी?" नेल्डा म्हणाली. ती दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात पिओनीची फुलं बसवत होती. मे अखेरीच्या स्मृतिदिनाला बाकी देश म्हणे कॉफीच्या डब्यांतून कबरींवर फुलं ठेवतो. आम्ही मॉर्मन पंथाचे लोक कॉफीला शिवत नाही, तेव्हा आमच्या खोऱ्यात डबे दुधाचे.

दगडावर दोन नावं होती. रूलनचा जन्म आणि मृत्यू, शेजारी नेल्डाचा जन्म आणि पुढे कोरी जागा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत रूलनचा लाकूड वाहायचा ट्रक घाटात उलटला, तेव्हा सासऱ्याने एकाच खेपेत दोन्ही नावं कोरून घेतली होती. सासरा हिशेबी माणूस.

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असं जग म्हणतं. आम्ही त्या आमच्या मंदिरात बांधतो, मरणानंतरही न सुटणाऱ्या, आणि बाईची अशी गाठ एकाशीच. नेल्डाची रूलनशी बांधून झालेली होती. म्हणून थेनशी तिचं लग्न बिशपच्या बैठकीच्या खोलीत लागलं, 'मृत्यूपर्यंत' एवढ्याच बोलीवर. तो शब्द उच्चारताना बिशपला ठसका लागला होता. पुढे चार पोरं झाली, तीही परलोकीच्या हिशेबात रूलनचीच. थेनने सगळं हसत पत्करलं. गावात कुणी त्याला 'रूलनचा राखणदार' म्हटलं, तर तो म्हणायचा, "असू दे. भट्टीतला गरम पाव राखणदारालाच मिळतो."

दफनभूमी सांभाळणारा लोवेल पाण्याची नळी ओढत आला.

"ब्रदर सोरेन्सन, ती सिस्टर नेल्डांच्या पलीकडची जागा सोडली म्हणालात, ते नक्की ना? हॅन्सनची मंडळी म्हाताऱ्यासाठी मागतायत. त्यांना आज सांगायचंय."

"कुठली जागा सोडली?" नेल्डाने विचारलं.

लोवेलने थेनकडे पाहिलं. थेनने टोपीच्या आत पाहिलं. लोवेलला एकदम लांबच्या गुलाबांची आठवण झाली आणि तो नळी घेऊन तिकडे गेला.

"मी आईजवळ जातो," थेन म्हणाला. "वरच्या गावी. तिथे जागा आहे."

"लग्न झालं त्याच वर्षी ही जागा तू स्वतः धरलीस ना? मग आता काय झालं?"

"अगं, त्या सकाळचा विचार कर."

ती सकाळ म्हणजे कबरी उघडून मेलेले पुन्हा उठतील ती. इथले सगळे दगड पूर्वेकडे तोंड करून आहेत ते तिच्यासाठीच.

"रूलन उठणार, बावीस वर्षांचा," थेन म्हणाला. "बायकोला हात देणार. आणि शेजारी मी, डोळे चोळत टोपी शोधतोय. बरं दिसतं का ते? त्याची ठेव त्याला नीट पोचली की माझं काम संपलं."

"मी ठेव काय? तुझी पणजी हातगाडी ढकलत हजार मैल चालून या खोऱ्यात आली. आणि तुला सहा फूट जागा धरून ठेवता येईना!"

गवत कातरायची कात्री थेनने उगाच पँटला पुसली.

नेल्डा डबा बसवायला रूलनच्या दगडापाशी गुडघ्यांवर टेकली. रूलन तिला आवडला होता, खोटं कशाला बोला. पण आता त्याला आठवायला गेलं की मध्येच दुसरं काहीतरी यायचं. सप्टेंबरातलं स्वयंपाकघर, बरण्यांत भरायचे पीच, वाफेने पुसट झालेल्या खिडक्या, रसाने चिकट झालेली चार पोरं आणि अंगठ्यानेच साल सोलत भजन चुकीचं म्हणणारा थेन. रविवारी चर्चमध्ये घोरायला लागलेला थेन. तुंबलेला पाट मोकळा करून चिखलाने माखून आलेला आणि दारातच बोलणी खाणारा थेन. फार चांगले दिवस होते ते. तेव्हा ते चांगले आहेत हे बघायला सवड नव्हती, एवढंच.

"भला मुलगा होता रूलन," ती म्हणाली.

"होताच."

"मला त्याचा आवाज आठवत नाही, थेन. मागचा हिवाळाभर आठवून पाहिला."

इतकी वर्षं थेन या दगडाशी थट्टा करत आला होता, आज पहिल्यांदा त्याला त्या पोराची कीव आली.

नेल्डा उठायला लागली आणि डावा गुडघा अडला. थेन पलीकडच्या रिकाम्या गवतावरून पुढे झाला. एक हात तिच्या कोपराखाली गेला, दुसरा पाठीवर. "भार उजव्यावर. हं, आता." ती उभी राहिली. झगा झटकला, पण त्याचा हात सोडला नाही.

"हे कोण शिकवणार रूलनला?"

"त्या दिवशी गुडघे नवे मिळणार आहेत, नेल्डा. रविवारच्या शाळेत तूच शिकवायचीस पोरांना."

"गुडघे मिळतील नवे," नेल्डा म्हणाली. "पण मी हात सवयीने याच बाजूला करणार. आणि इथून हॅन्सनांचा म्हातारा निघाला तर?"