'घ' उपकेंद्राची वही

आईकडे पाहायचं नाही, असं ममतानं मंचावर चढतानाच ठरवलं होतं. पाहिलं की रडू येणार. बुद्धपौर्णिमेची ठेवणीतली पांढरी साडी नेसून प्रभावती दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती. बोरी अरबहून पहिल्या एसटीनं यवतमाळला आलेली. जन्मभर नर्सबाई म्हणून गावं तुडवलेल्या बाईची लेक आज सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा देऊन पीएचडी होणार होती.

विषय होता आरोग्य उपकेंद्रांतल्या गरोदर बायांच्या तपासणीचा. ममतानं पाच वर्षं बारा उपकेंद्रांच्या वह्या चाळल्या. अकरा वह्यांत प्रत्येक बाईचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. जणू सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या. न मोजताच लिहिलंय, हे शेंबडं पोरही सांगेल.

बारावी वही वेगळी. प्रबंधात तिचं नाव 'उपकेंद्र घ'. एकशेचौदा, एकशेअठ्ठावीस, एकशेबावन्न. एकीचा आकडा दुसरीसारखा नाही. आकडा चढला की बाई त्याच दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात रवाना. दहा वर्षांत तिथं एकही बाळंतीण दगावली नव्हती. प्रामाणिकपणे मोजलं तर जीव वाचतात, हा प्रबंधाचा कणा या एका वहीवर उभा होता. ती वही प्रभावतीची होती, आणि ममतानं हे नातं पहिल्याच पानावर लिहून टाकलं होतं.

नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, हा नियम. तो तिनं इतका काटेकोर पाळला, की घरात आईला वहीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते गावच्या बायांना. लालीबाई म्हणाली होती, "तुही माय दारातूनच तोंड पाहे अन् सांगे, तुले बरं नाही म्हणून." आईनं निवृत्तीच्या दिवशी परत केलेलं रक्तदाबाचं यंत्रही ममतानं पाहिलं होतं. दहा वर्षांनंतरही नव्यासारखं. वस्तू जपावी तर माझ्या आईनं, असं ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.

प्रश्न संपले. बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, असं काम बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. सही करण्याआधी त्या नर्सबाईंशी दोन शब्द बोलायचेत.

टाळ्या वाजल्या. प्रभावती उभी राहिली. आता मात्र ममतानं पाहिलं, आणि तिचा ऊर भरून आला.

"बाई, एवढ्या गर्दीत प्रत्येकीचा रक्तदाब नीट मोजायला वेळ कसा काढत होतात?"

प्रभावतीनं पदर सावरला. लेकीच्या एवढ्या मोठ्या दिवशी खोटं बोलणारी ती नव्हती.

"मोजलं कुठं, साहेब? तोंड-पाय सुजलेले दिसले का मी बाईले गाडीत बसवून देत होती. अन् आकडे मंग मनानंच लिहत होती. यंत्र तं आलं तवापासूनच बंद होतं."